हेडमास्तरांचं पुस्तक

“पंप क्रमांक तीन सुरू करताना झडप आधी अर्धीच उघड. कारण, पाणी एकदम सुटलं की जुने पाइप धडधडतात आणि टेकडीवरची लहान मुलं दचकून उठतात.”

काकूंनी पडद्यावरची ओळ वाचून संपवली. शेजारी बसलेल्या इंजिनिअर मुलीने ती आपल्या नव्या प्रोग्राममध्ये उतरवून घेतली. कारण तेवढं गाळलं. नव्या प्रोग्रामला कारणं लागत नव्हती.

नऊ दिवस दोघी पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये अशाच बसत होत्या. पंप चालवणारा जुना प्रोग्राम काकूंच्या नवऱ्याने लिहिला होता, तोही स्वतः बनवलेल्या भाषेत. ‘सबब’ हे तिचं नाव. तिचा हट्ट एकच, प्रत्येक आज्ञेखाली ती का दिली ते लिहायचं. कारण नसेल तर भाषा जागची हलत नसे. तेवीस वर्षांत पंप एकदाही चुकला नव्हता. तरी साऱ्या जगात ही भाषा या एकाच खोलीत चालत होती, नवरा गेल्यावर ती वाचणारं माणूसही एकच उरलं होतं, आणि आज चार वाजता जुना प्रोग्राम कायमचा बंद होणार होता.

काकूंना चार वाजायला नको होते. वर्षभर घर खायला उठत होतं. इथे मात्र नवरा बोलायचा. ‘कारण’ हा शब्द वाचला की तो खुर्चीमागे उभा आहे असं वाटे, मानेवर काटा येई. त्या वळून बघत नसत. वळलं की जाईल, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

“काकू, एक विचारू? इतकी चांगली भाषा, मग आम्ही कॉलेजात तिचं नावसुद्धा कसं नाही ऐकलं?”

“नाव ऐकूनच लोक पळाले असतील. सबब म्हणे!” काकू म्हणाल्या. “आणि पुस्तक कुठाय तिचं? अडलं की माणूस पान उलटून बघतो. इथे उलटायला पानच नाही. मग कोण कशाला शिकतंय?”

“मग काकांनी लिहिलं का नाही?”

“नाक आडवं आलं, दुसरं काय. गरज असेल तो येईल माझ्याकडे, असा तोरा.”

हे उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, लेकीला त्यांनी ते कितीदा तरी दिलं होतं. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यात खुद्द त्यालाही ऐकवलं होतं. एवढी हुशारी मातीत घातलीस, तुझ्या नाकापायी. तो नुसता हसला होता आणि पांघरूण जरा वर ओढ म्हणाला होता.

सव्वातीनला पंपांचा भाग संपला. खाली बारा छोटे छोटे प्रोग्राम उरले होते. मुलीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“यांचा पंपाशी काही संबंधच नाही. हा नुसता एक ते दहा मोजतो. हा नावं अक्षरांप्रमाणे लावतो. कशाला ठेवलेत?”

काकूंनी चष्मा पुसून घातला आणि पहिल्याचं कारण वाचलं.

“धडा पहिला. कारण, पुस्तक हेडमास्तर लिहिणार आहेत. काल जेवताना कबूल केलंय. उदाहरणं तयार ठेवतो.”

तारीख एकवीस वर्षांपूर्वीची होती.

काकू शाळेत गणित शिकवायच्या. हेडमास्तर त्या कधीच झाल्या नाहीत. तो त्यांना तसं चिडवायचा, येईल त्याला समजावत बसतात म्हणून, आणि हे नाव घराच्या चार भिंतींतच राहिलं होतं. ते जेवण काही केल्या आठवेना. म्हटलं असेल. तुझ्याच्यानं नाही व्हायचं, मी करते, असं त्या कशालाही म्हणायच्या.

“पुढचं?” मुलगी म्हणाली.

काकूंनी मधले धडे डोळ्यांनीच ओलांडले. चौथ्यावर थांबल्या.

“कारण, दोघे जण येऊन गेले. पुस्तक आम्ही लिहितो म्हणाले. नको म्हणून सांगितलं. ते काम दिलेलं आहे.”

मग सातवा.

“कारण, हेडमास्तरांची आई आजारी आहे. सध्या विषय काढायचा नाही.”

आणि बारावा, तीन वर्षांपूर्वीचा.

“कारण, हेडमास्तर निवृत्त झाले. आता वेळ मिळेल त्यांना.”

कुठेही तक्रारीचा एक शब्द नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. काकूंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“हे हेडमास्तर कोण हो, काकू?”

“होते एक ओळखीचे.”

“कमाल आहे त्यांची! लिहिलं असतं तर आज आम्ही हीच भाषा शिकलो असतो. आणि खापर मात्र काकांच्या नाकावर.” मुलीने बाराही प्रोग्राम वगळायला निवडले. मग तिचं बोट थबकलं. “आहेत का ते अजून?”

“आहेत.”

“मग त्यांना माहीत तरी आहे का, काका एवढी वर्षं त्यांच्यासाठी थांबले होते ते?”

“आज कळलं,” काकू म्हणाल्या.