तळ दाखवणारा आरसा

मी आरसा बोलतोय. पण थांबा, केस विंचरायला पुढे येऊ नका! मी तोंड बघायचा आरसा नव्हे. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात, एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. चार स्टीलचे पाय, वर काचेची फळी, आणि फळीखाली तिरका बसवलेला मी. अंगाने जरा खोलगट, म्हणून वरची वस्तू माझ्यात मोठी दिसते. फळीवर प्लेट ठेवायची आणि वाकून माझ्यात तिचा तळ बघायचा, एवढंच माझं काम.

मला घडवणारा काचवाला बोलघेवडा होता. मला कागदात गुंडाळताना म्हणाला, "दाढीला काय झकास झाला असतास रे!" तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता नाही वाटत. दाढी करणाऱ्यांपेक्षा चांगली माणसं मला भेटली.

त्यातली पहिली टोवे. प्रयोगशाळेत तिची तेहेतीस वर्षं झाली. उंच, हडकुळी, चष्मा दोरीने गळ्यात, आणि बोलणं फटकळ. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा "ऐक रे" म्हणणारी. इथे सगळेच सगळ्यांना नावाने हाक मारतात म्हणा, पण टोवेच्या "ऐक रे"ला लोक खरंच ऐकायचे.

तिचं काम नीट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाव फुगवणारं यीस्ट तुम्हाला ठाऊक आहे. त्याचे काही भाऊबंद महावाईट. आजारी माणसाच्या रक्तात शिरले की जीव घेतात. कुठलं औषध त्यांना आवरेल हे आधी बघावं लागतं. टोवेच्या प्लेटला शहाण्णव बारीक खळगे. डावीकडच्या खळग्यात औषध सगळ्यात जास्त, मग उजवीकडे दर खळग्यात निम्मं निम्मं होत जातं, आणि शेवटी एका खळग्यात औषध नाहीच. सगळ्यांत रोग्याचं यीस्ट घालायचं आणि प्लेट उबेच्या कपाटात ठेवायची. चोवीस तासांनी बघायचं. औषधाविना यीस्ट मोकाट वाढतं, तळाशी पांढरं बटण धरतं. किती औषधापाशी ती वाढ निम्म्यावर येते, ते टिपायचं.

आणि यीस्टचीही एकेक तऱ्हा असते हो! काही जण औषधापुढे मान टाकतात, पण पुरते मरत नाहीत. धुरकट होऊन रेंगाळत राहतात. टोवे त्यांना रेंगाळे म्हणायची. चोवीस तासांनी बघितलं तर नुसतं धुकं दिसतं. अठ्ठेचाळीस तासांनी बघितलं तर हेच धुकं इतकं दाटतं की वाटावं, औषधाला हे जुमानतच नाही.

मग मशीन आलं. प्लेट पोटात घेतं आणि मिनिटभरात आकडा देतं. मशीनबरोबर येप्पे आला, अडतिशीचा, दाढीवाला, हुशार आणि सदा घाईत. मशीन चुकत नाही हे मी मान्य करतो, अगदी मनापासून. पण माझ्या फळीवर कुणीतरी जिरेनियमची कुंडी ठेवली, ते मात्र लागलं मला.

हे सगळं एका मे महिन्यातलं. इथे कुणी तारीख सांगत नाही, आठवड्याचा आकडा सांगतात. दातांच्या डॉक्टरकडे बाविसाव्या आठवड्यात जायचं, लग्न तेहेतिसाव्यात. टोवेने फेब्रुवारीत एका सहकारणीशी तोंडी पाळी बदलली होती: विसाव्या आठवड्यातला गुरुवार टोवे करणार. डायरीत मात्र तिने तो एकविसाव्या आठवड्याच्या पानावर लिहिला. तेहेतीस वर्षांत न चुकलेली बाई, तिथे चुकली.

विसाव्या आठवड्यातला तो गुरुवार सुट्टीचा होता. येशू स्वर्गात गेला तो दिवस. बुधवारी सकाळी टोवेने एका रोग्याची प्लेट लावली आणि गुरुवारी खुशाल आपल्या बागेत बटाटे लावत बसली. प्रयोगशाळेत कुणीच आलं नाही. प्लेट उबेत पडून राहिली.

शुक्रवारी येप्पे आधी आला. त्याला वाटलं, कालच्या पाळीवाल्याने लावलेली प्लेट असणार. झाकणावर टोवेने बुधवार लिहिला होता, तो त्याने बघितलाच नाही. मशीनने आकडा दिला: यीस्ट फ्लुकोनॅझोल या औषधाला दाद देत नाही. त्याने लगेच अतिदक्षता विभागात फोन लावून सांगून टाकलं.

टोवे आली ती दर शुक्रवारी सगळ्यांसाठी आणायच्या पावांची पिशवी हातात घेऊन. तिने झाकण बघितलं आणि पिशवी तिथेच ठेवली.

"येप्पे, ही काल कुणी वाचली?"

"काल? कालच लावली ना?"

"मी बुधवारी लावली, बाबा."

"मग काल पाळी कुणाची होती?"

टोवेने डायरी काढली. पानं मागेपुढे केली. तिचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा बघितला.

"माझी," ती म्हणाली. "माझीच होती रे."

तिने कुंडी उचलली, बाहीने मला पुसलं आणि प्लेट फळीवर ठेवली. मी माझं काम केलं. मशीनला जे दिसलं तेच मलाही दिसलं, पण मी आकार दाखवला: डावीकडून उजवीकडे सगळीकडे सारखंच दाटलेलं धुकं, आणि बटण फक्त औषध नसलेल्या खळग्यात.

"बघ," टोवे म्हणाली. "रेंगाळा असेल हा."

येप्पे वाकला. बराच वेळ बघत राहिला. "असेल. पण नसेलही."

"नसेलही," टोवेने कबूल केलं. "मला वाटतंय म्हणून ते खरं ठरत नाही."

इतक्यात फोन वाजला. अतिदक्षता विभागातली डॉक्टर सिड्सेल. टोवेने आवाज मोठा केला. "येप्पेने सांगितलं ते ऐकलं मी. यीस्ट रक्तातून त्या रोगी बाईच्या डोळ्यात गेलंय. आत्ता देतेय ते औषध डोळ्यापर्यंत पोचत नाही. फ्लुकोनॅझोल पोचलं असतं, पण ते चालणार नसेल तर ॲम्फोटेरिसीन आजच सुरू करते. आणि ते मूत्रपिंडाला बाधतं. तिला एकच आहे, दुसरं तिने भावाला दिलंय."

टोवेला सोपं होतं हो! मशीनवर ढकलता आलं असतं, सुट्टीवर ढकलता आलं असतं. ती म्हणाली, "सिड्सेल, ऐक. तो आकडा धरू नकोस. काल वाचायची प्लेट आम्ही आज वाचली. चूक माझी आहे, पाळी माझी होती, मी आले नाही. औषध चालेल असंही मी आज सांगणार नाही. मला उद्या सकाळपर्यंत वेळ दे."

मग सिड्सेल म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारते." पाच मिनिटांनी परत फोन. "उद्या दुपारी बारा. त्याच्यापुढे एक मिनिटही थांबणार नाही. आणि टोवे, सांगितलंस ते बरं केलंस."

त्या दिवशी पावांना कुणी हात लावला नाही. टोवेने प्लेट नव्याने लावली, शेजारी ओळखीच्या यीस्टची दुसरी प्लेटही लावली. त्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं. ते चुकलं तर सगळंच चुकलं समजायचं. दहाला कपाट बंद झालं.

शनिवारी दोघंही साडेनऊला हजर. सुट्टीचा दिवस, टोवेच्या नखांत अजून बागेतली माती. दहा वाजले तशी ओळखीची प्लेट आधी बाहेर आली. तिचं उत्तर बरोबर आलं. मग दुसरी. टोवे म्हणाली, "मशीनचा आकडा नंतर. आधी आपण दोघं वेगवेगळं वाचू, चिठ्ठीवर लिहू. मला दाखवू नकोस."

दोघं पाळीपाळीने माझ्यावर वाकले. काय सांगू, माझ्या काचेत काहीतरी लखलखल्यासारखं झालं. धुकं होतं, पण विरळ, बटणाच्या पासंगालाही पुरणार नाही असं. अगदी कमी औषधापासूनच वाढ निम्म्याच्या खाली गेलेली. चिठ्ठ्या उघडल्या, एकच आकडा. मशीननेही तोच दिला.

"रेंगाळा!" येप्पे ओरडला. "हरामखोर रेंगाळा!"

टोवेने फोन लावला तेव्हा साडेदहा वाजले होते. "फ्लुकोनॅझोल दे," ती म्हणाली, आणि मग खुर्चीत बसली.

इथे रिवाज आहे, चुकेल त्याने केक आणायचा. केक आला की चुकीवर बोलायचं, माणसावर नाही. सोमवारी टेबलावर दोन केक आले. दोन्ही ब्रुन्सविअर, वर ब्राऊन साखरेचा थर.

"माझा खा, चूक माझी," टोवे म्हणाली.

"फोन कुणी लावला? झाकण कुणी नाही बघितलं?" येप्पे म्हणाला. "उगाच माझी चूक पळवू नकोस."

"दोन्ही खा रे," कुणीतरी म्हणालं, "यीस्टनेच फुगवलेत, दाद देतील!" सगळे हसले. टोवेने मात्र नोंदवहीत सगळं आपल्या हाताने, नावासकट लिहिलं.

रोग्याचं नाव आम्हाला कधी कळत नाही, नुसता क्रमांक. पण सहा आठवड्यांनी सिड्सेल स्वतः खाली आली. म्हणाली, "तुमची बाई आज घरी गेली. मूत्रपिंड ठीक आहे. डोळा तपासायला बसवली तर तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचली तिने." टोवे रडली. फटकळ टोवे, सगळ्यांसमोर, चष्मा न काढता रडली. मी आरसा आहे, खोटं दाखवत नाही.

टोवे आता निवृत्त झाली. येप्पेने मला परत खिडकीत मांडलं, कुंडीला दुसरी जागा दिली. मशीन "दाद देत नाही" म्हणालं की तो प्लेट माझ्यावर ठेवतो, नव्या माणसांनाही वाकायला लावतो. मला त्याचा अभिमान वाटतो. माझी एक कड काळवंडली आहे, तरी कामाला चालतो. तुमच्यापैकी कुणी कधी माझ्यापाशी आलं, तर एकच करा: मला पुसण्याआधी झाकणावरचा वार वाचा. आणि चुकलात, तर फोन तुम्हीच लावा.