वडिलांच्या नावाची ओळ

समृद्धीनं वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ टाइप केलं आणि लगेच पुसलं. मघापासून तिचं हेच चाललं होतं.

जळकोटच्या हमरस्त्यावरच्या या छपाईच्या दुकानात ती कामाला होती. जुन्या एखाद्या लग्नाची फाईल उघडायची आणि तिच्यावरच नवी नावं चढवायची, ही दुकानाची रीत. दुसऱ्यांच्या कितीतरी पत्रिका तिनं अशा हां हां म्हणता उरकल्या होत्या. आज स्वतःची पत्रिका मात्र एका ओळीवर अडली होती.

ती चौथीत असताना वडील ट्रक घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. ना मेल्याची खबर, ना जिवंत असल्याची. दुकानासमोर ट्रक थांबला की अजूनही तिची मान आपोआप वर व्हायची.

मागं खुर्च्यांवर आई सिताबाई आणि चुलते हिंमतराव बसले होते. लग्नाचा सगळा भार या तात्यांनीच उचलला होता, त्यामुळं त्यांना उलट बोलायची सोय नव्हती.

“पावणे सारखं इचारतेत, पोरीचा बाप हाय का न्हाय. काय सांगू? कै. टाक अन् मोकळी हो. आईच्या नावाआधी सौ. हाय, तिथं श्रीमती कर.”

समृद्धीनं आईकडं पाहिलं. सिताबाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. एवढ्या वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं. ‘कै.’ छापून आलं की आई विधवा ठरणार आणि पोटच्या पोरीच्या हळदीला लांब बसणार.

फोन वाजला म्हणून हिंमतराव बाहेर गेले. सिताबाई खुर्ची सरकवून स्क्रीनजवळ आली.

“तू पुसलेलं परत कसं येतंय गं?”

“अनडू म्हणत्यात त्याला. शेवटचं केलेलं मागं घ्यायचं.”

“अन् कट?”

“उचलून बाजूला धरायचं. पेस्ट केलं की दुसरीकडं बसतंय. डिलीट केलं की गेलं.”

“ते बी अनडूनं येतंय?”

“येतंय. सेव्ह करून फाईल बंद केली, की मग न्हाय.”

आईच्या मनात काय आहे ते आपल्याला कळलं, असं समृद्धीला वाटलं. ती हळूच म्हणाली, “तात्या हितं हायत तवर कै. टाकते. ते घरी गेले की काढते. सौ. बी तसंच ठेवते. छापून आल्यावर काय करतील?”

सिताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“काढू नगंस. टाक, सेव्ह कर अन् बंद कर ती फाईल.”

“आई?”

“औंदा सोनारीला जत्रंला गेलते नव्हं म्या. तिथं देवळाबाहेर नारळाचं दुकान हाय त्याचं. मांडीवर लेकरू हुतं, बाजूला बायकू. त्यानं वळखलं मला. चांगलं वळखलं. अन् म्हनला, ‘मावशी, नारळ देऊ का?’”

वडिलांना आई आजवर कधी एकेरी बोलली नव्हती. समृद्धीच्या डोळ्यांसमोरची अक्षरं पुसट झाली. बाहेर एक ट्रक करकचून थांबला. तिनं मान वर केली नाही.

“अन् तुझं कुंकू?”

“माझ्या कपाळाचं म्या बघीन. तू कर.”

समृद्धीनं ‘कै.’ टाइप केलं, ‘सौ.’च्या जागी ‘श्रीमती’ केलं. सेव्ह केलं. नमुन्याची प्रिंट दिली. फाईल बंद केली. मग ओढणीनं डोळे पुसले.

हिंमतराव आत आले तेव्हा नमुन्याच्या प्रती प्रिंटरमधून बाहेर पडत होत्या. त्यांनी एक हातात घेऊन मोठ्यानं वाचली. समृद्धीच्या वडिलांचं नाव, ‘कै. श्रीमंत’ आलं, तसा त्यांचाही आवाज जरा खाली गेला. धाकटा भाऊ होता त्यांचा.

“पहिली पत्रिका सोनारीच्या भैरवनाथाला,” ते म्हणाले. “छापून आल्या की म्या ठिवून येतो.”

“न्हाय भावजी, म्याच जाते.” सिताबाईनं पदर सावरला. “मला दोन लागतील.”

“दोन कशाला?”

“एक देवाला,” ती म्हणाली, “अन् एक बाहेर, नारळाच्या दुकानात.”