डावा रकाना

मेणात बसवलेला दात ताईने चिमट्याने किंचित आत दाबला, वरचा साचा खालच्या साच्यावर टेकवून पाहिला आणि चावा नीट जुळल्यावर दोन्ही साचे ओल्या फडक्यावर ठेवून दिले. कवळ्या तयार करणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. जेवणाची सुट्टी झाली होती. तिने हात धुतले, डबा उघडला, पण घास घेण्याआधी फोन हातात घेतला. खेळाचं आव्हान आलेलं नव्हतं.

"आजही तुमचा जोडीदार गायब?" शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणारी बाई म्हणाली.

"असेल कामात."

"की तुमच्याकडून मार खाऊन कंटाळला?"

"एवढा काही हरत नाही तो," ताई म्हणाली आणि फोन पालथा घातला.

हा आठवडा असाच चालला होता.

खेळ जुना होता. वरून तुकडे पडत यायचे, ते फिरवून खाली रचायचे. एक ओळ सलग भरली की नाहीशी व्हायची. ताईने तो पहिल्यांदा पाहिला तो बाबांच्या ऑफिसात, काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचा. रविवारी ऑफिस रिकामं असायचं. ताई आणि धाकटा भाऊ एकाच कीबोर्डवर खेळायचे. उजव्या बाजूच्या कळा ताईच्या, डाव्या धाकट्याच्या. खुर्ची एकच, त्यामुळे अर्धं लक्ष कोपराने एकमेकांना ढकलण्यात जायचं. पुढे तोच खेळ मुठीत मावणाऱ्या यंत्रात आला. त्याचा पडदा राखी होता, उन्हात काही म्हणजे काही दिसायचं नाही, आणि त्याच्या टिवटिवीला वैतागून आईने एकदा त्याची बॅटरीच काढून पिठाच्या डब्यामागे लपवली होती. मग टीव्हीला जोडायचा खेळ आला, रंगीत, दोघांना दोन वायरी. त्यात एक नवी खोड होती: तुम्ही ओळी उडवल्या की त्या समोरच्याच्या भिंतीखाली जाऊन बसायच्या आणि त्याची भिंत वर सरकायची. या खोडीपायी दोघांत जी भांडणं झाली, त्यांना तोड नव्हती.

मोठेपणीचं भांडण मात्र एकच झालं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा धाकटा लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेला होता. ताईने फोन केले, तो "येतो, येतो" म्हणत राहिला आणि आला तो आई गेल्यानंतर. दारातच ताई त्याला म्हणाली, "बायकोने सोडलं वाटतं एकदाचं." त्याची बायको त्याच्या मागेच उभी होती, हातात पिशवी घेऊन. त्यानंतर कुणीच कुणाशी बोललं नाही, आणि न बोलण्याचीही सवय होते.

गेल्या वर्षी ताईने तो खेळ फोनवर घेतला. थोड्याच दिवसांत कुणीतरी आव्हान पाठवलं. नावाच्या जागी नुसता एक ठिपका. ताईने सहज स्वीकारलं आणि दुसऱ्याच डावात तिचा अंगठा थबकला. समोरचा माणूस भिंत रचताना सगळ्यात डावीकडचा उभा रकाना मोकळा ठेवत होता आणि लांब काडीसारख्या तुकड्याची वाट पाहत होता. बहुतेक जण उजवा रकाना ठेवतात. डावा ठेवणारा ताईने जन्मात एकच पाहिला होता.

खेळात बोलायची सोय नव्हती. डाव संपला की 'पुन्हा?' एवढंच विचारता यायचं. तो विचारायचा, ती हो म्हणायची. आई गेली त्या तारखेला ताईचं चित्त लागेना. डाव अर्धा झाला आणि तिने हात काढून घेतला. तुकडे आपले आपण पडत राहिले. मग तिने पाहिलं तर पलीकडचेही तुकडे नुसतेच पडत होते. दोघांच्या भिंती आपोआप भरत वरपर्यंत गेल्या. त्या दिवशी ताई घरी जाताना आपल्याशीच म्हणाली, आठवण आहे म्हणायची लेकाला.

डबा तसाच ठेवून ती कारखान्याच्या मागच्या जिन्यात गेली आणि धाकट्याचा नंबर लावला.

"हॅलो?"

"मी बोलतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ताई?"

"बरा आहेस ना?"

"मी? मला काय झालंय? तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"हिच्या ऑपरेशनचं. पित्ताशय काढलं. परवा घरी आणली."

"मला माहीत नव्हतं," ताई म्हणाली. "तू खेळायला आला नाहीस, म्हणून म्हटलं आजारी आहेस की काय."

"कुठं खेळायला?"

ताईने सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. "अगं, तो खेळ सोडून मला जमाना झाला. पडद्याकडे टक लावली की डोळ्यांतून पाणी येतं. ती खेळते. पण तुझ्याशी?"

"डावा रकाना मोकळा ठेवते."

"ठेवणारच. मीच शिकवलंय तिला."

ताईच्या नखात मेण अडकलं होतं. ते ती दुसऱ्या नखाने उकरत राहिली. जिन्याखालून कुणीतरी पाण्याची बादली घेऊन गेलं.

"फोन तिला दे," ताई म्हणाली.

बराच वेळ नुसती कुजबुज ऐकू आली. मग एक बारीक, जपून घेतलेला श्वास.

"ताई, नमस्कार."

"नाव का नाही घातलंस?"

"नाव पाहून तुम्ही खेळला असतात?"

ताई जिन्याच्या कठड्याला टेकली.

"तुमचा नंबर माझ्याकडे होता," ती म्हणाली. "खेळ घेतला तर खेळानेच तुमचं नाव दाखवलं. दोन दिवस नुसती बघत बसले. मग दाबलं बटण. बोलायचं म्हटलं की मला तुमची भीती वाटायची. खेळताना नाही वाटायची. रागावलात?"

"पहिल्या दिवशी सलग हरलीस. मुद्दाम?"

"छे हो! रडकुंडीला आले होते मी." ती हसायला गेली आणि कळवळली. "आई गं. हसू देत नाहीत टाके."

"मग हसू नकोस. उशी धर पोटाशी, घट्ट."

"धरते."

"खातेस काय? का त्याच्याच हातचं?"

"त्यांचंच. विचारूच नका."

मागून धाकट्याचा आवाज आला, फोन मागत असावा. मग तो अगदी जवळून बोलू लागला, घाईघाईने, जणू फोन कट होईल. "ताई, मीच तुला फोन करणार होतो. कितीदा वाटलं, पण तुझा स्वभाव... तू कशी आहेस?"

"बरी आहे. तुझ्याशी नंतर बोलते," ताई पायरीवर बसत म्हणाली. "आधी तिला दे फोन."