मोरेश्वर पाळकांचा दुसरा बाप्तिस्मा

"तुझ्या वडिलांचं काम झालं, ऐकून फार आनंद झाला हं," असं नोरीनबाई चर्चच्या स्वयंपाकघरात वसुधाला म्हणाल्या, आणि रणजितच्या संसाराला चौतिसाव्या वर्षी तडा गेला.

दोष नोरीनबाईंचा नव्हता. मॉर्मन हा अमेरिकेत निघालेला ख्रिस्ती पंथ; आयर्लंडात लिमरिकला असलेल्या त्याच्या शाखेत माणसं जेमतेम साठ. कुणाचं काहीही झालं की सगळ्यांना आनंद होतो. दोष रणजितचा होता. मॉर्मन लोकांत वारलेल्या नातलगांसाठी बाप्तिस्मा घ्यायची पद्धत आहे; त्यालाच ते 'काम' म्हणतात. मृताचं नाव संगणकावर भरायचं, मग इंग्लंडात प्रेस्टनच्या मंदिरात जाऊन त्याच्या वतीने आपण पाण्यात बुडायचं. दोन वर्षांपूर्वी शाखेच्या सहलीत रणजित सासऱ्यांच्या नावाने बुडून आला होता. फॉर्मवर प्रश्न होता, 'सर्वांत जवळच्या नातेवाइकाची परवानगी आहे का?' सर्वांत जवळची नातेवाईक शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती. रणजितने 'आहे' वर टिक केली. विम्यापासून व्हिसापर्यंत घरातले सगळे फॉर्म तोच भरायचा आणि वसुधाच्या वतीने सगळीकडे टिक करायचा. आजवर तक्रार आली नव्हती.

पण सासरे साधे नव्हते. मोरेश्वर पाळक! नगरकडच्या एका देवळात (तिकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतात) एकेचाळीस वर्षं त्यांनी पाळक, म्हणजे धर्मगुरू म्हणून उपासना चालवली होती.

"ज्या माणसाने तीन हजार लोकांना बाप्तिस्मा दिला, त्याला तुम्ही बाप्तिस्मा दिलात?" घरी जाताना वसुधा गाडीत म्हणाली. "परीक्षकालाच दहावीला बसवलंत की हो!"

"दिला नाही गं. घेतला. त्यांच्या वतीने."

"वा! म्हणजे बुडालात तुम्ही आणि भिजले बाबा."

शॅननच्या औद्योगिक वसाहतीत विमानाचे सुटे भाग तपासायची त्याची नोकरी; केसाएवढी चीर त्याला दिसायची. ही मात्र दोन वर्षं दिसली नव्हती.

"तुमचं हे सगळं खरं धरलं," वसुधा शांतपणे म्हणाली, "तर बाबांनी दिलेला प्रत्येक बाप्तिस्मा अपुरा ठरतो. माझासुद्धा. आणि बाबांचं काही अपुरं नव्हतं. पुढच्या रविवारपासून मी दुसरी चर्चं बघणार. तुम्ही खुशाल शाखेत जा."

लग्नापासून एकही रविवार दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले नव्हते. रणजितने चार दिवस विचार केला. शंका त्यालाही होत्या. पंथाच्या संस्थापकाला देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांबद्दल होत्या, स्वर्गातल्या मजल्यांबद्दल होत्या. पण शंका गुडघेदुखीसारख्या असतात, उतारवयात सगळ्यांनाच होतात. म्हणून कुणी पाय बदलत नाही, असं त्याचं मत होतं.

शिवाय शाखा सोडायची म्हणजे तो पहिला हिवाळा सोडायचा. चौदा वर्षांपूर्वी ते शॅननला आले तेव्हा चार महिने त्यांच्या दाराची घंटा कुणी वाजवली नव्हती. वाजली तेव्हा दारात छातीवर नावाच्या पाट्या लावलेल्या, भिजून चिंब झालेल्या दोन अमेरिकन मुली, मॉर्मन पंथाच्या प्रचारक. वसुधाने चहा विचारला. त्या म्हणाल्या, आमच्यात चहा चालत नाही. मग तिने बटाटेपोहे केले. एकीच्या घरी बटाट्याचीच शेती होती. ती तीन बशा खाऊन रडली. तिला रडताना पाहून वसुधा रडली, आणि कुणीच रडायचं थांबेना म्हणून रणजितने त्यांना पुढच्या मंगळवारचं आमंत्रण दिलं. धर्मांतरं यापेक्षा फुटकळ कारणांनीही झाली असतील. पुढे वसुधाचं ऑपरेशन झालं तेव्हा अठरा घरांतून अठरा डबे आले, त्यातले अकरा एकाच प्रकारच्या बटाट्याचे. शाखाध्यक्ष ब्रेंडन बसचालक होता. तो ड्यूटी बदलून रोज इस्पितळात यायचा. शाखाध्यक्ष म्हटलं की मराठी माणूस आधी वर्गणीची पावती आठवून दचकतो. ब्रेंडनने त्या शब्दाची इज्जत वाचवली होती.

हे सगळं एका पारड्यात, आणि दुसऱ्यात वसुधा. रविवारी रणजितने मुकाट्याने गाडी काढली.

आधी कॅथलिक. तिथली मिस्सा, म्हणजे उपासना, एकोणतीस मिनिटांत आटोपली. दर रविवारी दोन तास बसायची सवय झालेला रणजित मध्यंतर समजून बसून राहिला. निम्मे लोक प्रसाद तोंडात असतानाच गाड्यांकडे निघाले होते. "देवाशी यांचं घरगुती नातं दिसतंय," वसुधा म्हणाली. "येताजाता डोकावायचं." मग वसाहतीतल्या एका शेडमध्ये भरणारं नवं चर्च. तिथे ढोल असे वाजले की रणजितच्या खिशातल्या किल्ल्या नाचल्या. पाळक प्रेमळ होता, मिठी मारून म्हणाला, आज तू मुक्त झालास. रणजितने घाबरून बायकोकडे पाहिलं.

तिसऱ्या रविवारी ते एनिसच्या आयर्लंड चर्चमध्ये गेले. हे प्रॉटेस्टंटांचं, जुनं, दगडी. माणसं तेवीस, त्यांतली वीस सत्तरीपुढची. पण त्या दिवशी एका तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा होता. पाळकबाईंनी ओंजळीत पाणी घेतलं आणि बाळाच्या टाळूवर सोडलं. तीनदा. बाळाने एवढं तोंड वेडंवाकडं केलं. बाईंनी झग्याच्या बाहीने त्याचं कपाळ टिपलं.

रणजितने शेजारी पाहिलं. वसुधाचे डोळे वाहत होते.

त्यालाही दिसत होते. मोरेश्वर पाळक, पांढरं धोतर, काळा कोट. नगरला नळाला चार दिवसांआड पाणी. माणूस बुडवायची चैन कुणाला परवडणार! तीन बोटं बुडवायची आणि टाळूला लावायची. मुलं फार असली तर तेच भांडं तिघांना पुरवायचं. "पाणी थोडं, विश्वास जास्त," म्हणायचे. मग पेटी, तबला, झांजा, आणि मागच्या बाकांवरच्या बायकांचा असा सूर की बाहेरचे टांगेवाले थांबायचे. त्या बायकांत वेणी घातलेली वसुधा असायची. रणजितचं सगळं अध्यात्म तिथेच सुरू झालं होतं.

उपासनेनंतर ते गाडीत बसले. रणजितने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मला नीट सांगा," वसुधा म्हणाली. "तिथे काय काय केलंत?"

"पांढरे कपडे दिले. मोठा हौद होता, बारा दगडी बैलांच्या पाठीवर. एका पोराने माझा हात धरला, बाबांचं पूर्ण नाव घेतलं, आणि बुडवलं."

"झालं?"

"नाही. पायाचा अंगठा वर राहिला. एक केस जरी कोरडा राहिला तरी परत करतात. दुसऱ्या वेळी कोपर राहिलं."

"म्हणजे बाबांना तीनदा बुडवलंत?"

"तीनदा."

वसुधा हसू आवरत होती की रडू, हे त्याला कळेना. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "पण का? तुम्हाला पूर्वजांचा एवढा पुळका कधी होता?"

रणजितने किल्लीवरचा हात काढला. मग म्हणाला, "ते दर रविवारी फोनवर विचारायचे ना, 'जावईबापू, देवळात जाता ना? कोणत्या?' मी म्हणायचो, जवळच्याच. सात वर्षं जवळच्याच म्हणालो. तू म्हणायचीस, तुम्हीच सांगा. मी म्हणायचो, पुढच्या फोनला. आणि मग ते गेलेच. आपण पोचलो तोवर माती झाली होती. म्हटलं, त्यांच्या नावाने पाण्यात उतरलो तर तिथे तरी गाठ पडेल. सांगून टाकू."

"मग? सांगितलंत?"

"नाकात पाणी गेलं."

आता मात्र वसुधा हसली. हसता हसता पदराने डोळे पुसायला गेली आणि अंगावर कोट आहे हे तिच्या ध्यानात आलं.

"ब्रेंडन म्हणतो," रणजित धीर करून म्हणाला, "की मृताला स्वीकारायचं तर तो स्वीकारतो. नको असेल तर नाही म्हणू शकतो."

"मग बाबा नाहीच म्हणाले असणार. नम्रपणे. आणि वर तुमच्या पायाच्या अंगठ्याची चौकशी केली असणार."

"वसू, चुकलो. तुला विचारायला हवं होतं."

हे वाक्य त्या गाडीत पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं.

"मी पुढच्या रविवारी इथेच येणार," ती म्हणाली. "माझं ठरलंय. तुमचं मी ठरवणार नाही. विचारते आहे. याल?"

रणजितला नोरीनबाई दिसल्या, ते अठरा डबे दिसले. विश्वास सुटताना एवढं दुखत नाही, माणसं सुटताना दुखतं, हे त्याला कुणी कुठल्याच चर्चमध्ये सांगितलं नव्हतं.

"येईन," तो म्हणाला. "पण आधी ब्रेंडनला सांगतो. त्याच्या तोंडावर. फोनवर नाही."

"आज?"

"आत्ता. पुढच्या वेळी म्हटलं की काय होतं ते बघितलंय."

"मी येते बरोबर," वसुधा म्हणाली, "पण बोलायचं तुम्ही. माझ्या वतीनेसुद्धा."

"परवानगी आहे?"

"आहे," ती म्हणाली.

घराकडे वळणारा शॅननचा फाटा आला तेव्हा रणजितने इंडिकेटर दिला नाही. गाडी सरळ लिमरिकच्या रस्त्याला लागली.