वीस अंगठ्यांची कणगी

भांडण टोपीवरून सुरू झालं.

"ही तू विणलीस की कुरतडलीस?" नवऱ्याने लोकरीची टोपी दारातल्या उजेडात धरून विचारलं. कानाच्या जागी दोन बोटं आरपार जातील एवढं भगदाड पडलं होतं.

"मी दिली तेव्हा धड होती. तुम्ही छपरांवर चढता दिवसभर. अडकली असेल कुठल्या खिळ्याला."

"खिळ्याने चीर जाते. इथली लोकरच गायब आहे."

"मग मी खाल्ली असेल."

तो लोकांची छपरं शाकारायचा. सकाळी शिडी खांद्यावर टाकून गेला की दिवस मावळताना परत. त्या दिवशी टोपी चुलीपाशी भिरकावून, डोक्याला फडकं गुंडाळून गेला. जाताना म्हणाला, "आज माझे कान गार पडले तर तुझ्या नावाने ओरडणार वरून." गडी तसा वाईट नव्हता, पण सकाळी त्याच्या तोंडी लागू नये.

तो गेल्यावर ती टोपी घेऊन बसली. खरंच, फाटलेली नव्हती. लोकर कुणीतरी नेली होती. मग तिला कालची गोष्ट आठवली. पिठाच्या डब्यामागे झाडताना काळे दाणे निघाले होते, तांदळापेक्षा बारीक, दोन्ही टोकांना निमुळते. तिने ते चहाची पूड समजून झाडून टाकले होते. ती उठली, डबा सरकवला. काल झाडलेल्या जागी आज पुन्हा तेच. एक दाणा काडीने दाबला, तर तो मऊ निघाला. लेंडी होती ती.

आता उंदीर कुणाच्या घरात होत नाहीत? पण या घराची गोष्ट वेगळी होती. या घरात कणगी होती.

गाव उतारावरचं, वीस घरांचं. थंडी लांबते, उन्हाळा आखूड. बाजारातलं मक्याचं बी इथे लावलं तर कणीस भरायच्या आत गारठा येऊन सगळं काळं पडतं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घरचंच बी. मळणी झाली की प्रत्येक घर आपले सगळ्यात चांगले दाणे वेगळे काढतं आणि ते सगळे एकाच कणगीत जातात. पुरुषभर उंच, बांबूच्या कांबट्यांची, आतून बाहेरून मातीने लिंपलेली. तोंड ओल्या मातीने बंद करायचं आणि त्या मातीवर वीस घरांनी वीस अंगठे उमटवायचे. पेरणीच्या दिवशी वीसही घरं हजर असल्याशिवाय ते तोंड फोडायचं नाही. एकाने जरी म्हटलं उघडा, तरी सगळ्यांना बोलवावं लागतं. पद्धत चांगली होती. तिच्यामुळे गावात बियावरून कधी संशयाची गोष्ट निघाली नव्हती.

कणगी आधी वरच्या आळीत असायची. एका वर्षी त्या घराच्या जमिनीला ओल आली, दोन मुठी बी बुरसलं आणि कणगी तिथून हलली. त्याला तीस वर्षं झाली. त्या घरात आता नातवंडं नांदतात, तरी गाव अजून त्याला ओलीचं घरच म्हणतं. कणगी मग हिच्या सासूकडे आली, कारण या घराचं जोतं दगडी आणि कोरडं. सासू गेली आणि ही कणगीवाली झाली. माहेरी ती सात बहिणींतली पाचवी होती, तिला कुणी नीट नावानेही हाक मारत नसे. इथे मोठमोठी माणसं दारात थांबून विचारायची, "कणगीवाले, यंदा पेरणी कधी धरायची?" ते तिला आवडायचं. कुणालाही आवडेल.

तेव्हा वीस घरांना बोलावून, माझ्या घरात उंदीर झालेत, कणगी उघडून बघू या, असं म्हणायचं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ओलीच्या घरानंतर उंदरांचं घर. तिने पदर खोचला आणि गप्प राहायचं ठरवलं.

दुपारी ती सुतारमामांकडे गेली. मामा रंधा मारत होते. सगळं आयुष्य लोकांच्या भिंतींत आणि फळ्यांत गेलेलं, त्यामुळे उंदरांची त्यांना खडान्‌खडा माहिती.

"मामा, माझ्या माहेरी उंदीर झालेत म्हणे. निरोप आलाय, काय करावं."

"माहेर तुझं एवढं लांब, आणि निरोप उंदरांचा आला?"

"बहीण घाबरट आहे."

मामांनी रंधा बाजूला ठेवला. या विषयावर त्यांना कुणी विचारत नसे, त्यामुळे खुशीत आले. "लेंड्या मऊ आणि चमकत्या असतील तर कालपरवाच्या. बोटाने चुरा झाला तर जुन्या. दोन्ही असतील तर समज, मुक्काम पडलाय. उंदीर मोकळ्यातून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. रोजच्या वाटेवर त्याच्या अंगाच्या तेलाचा काळपट पट्टा पडतो. कोपऱ्यात उग्र वास येतो. वाट कळत नसेल तर भिंतीकडेला पीठ भुरभुरव, सकाळी पावलं दिसतील. आणि पाणी झाकून ठेवलं म्हणून तो मरत नाही बरं का. कोरड्या दाण्यावर जगतो."

"केवढ्या भोकातून येतो?"

मामांनी कानामागची पेन्सिल काढून दाखवली. "एवढ्या. डोकं गेलं की सगळा गेला."

"मग भोक सापडलं तर?"

"भिंतीचं ना? काच कुटून चुन्यात कालवायची आणि ठासून भरायची. काचेला तो तोंड लावत नाही." त्यांनी पुन्हा रंधा उचलला. "आणि बहिणीला सांग, भरदिवसा उंदीर दिसला तर मग काही खरं नाही. आत जागा उरली नाही की मगच तो उजेडात येतो."

परत येताना वाटेत टोपल्या विणणारी मावशी भेटली. कणगीसुद्धा तिनेच विणलेली. मावशीला मागेपुढे कुणी नव्हतं, उताराखाली वावराची एक पट्टी होती, तेवढीच. बाकीची घरं थोडंफार बी आपल्याकडे आढ्याला टांगून ठेवायची, नियम तसा नसला तरी. मावशीने मात्र दाणा न्‌ दाणा कणगीत घातला होता.

"बरी आहे ना गं आपली कणगी?" मावशीने विचारलं. भेटली की ती हे विचारायचीच.

"बरी आहे की. तिला काय होतंय?"

हे बोलताना तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही, याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

रात्री झोपताना तिने सगळ्या भिंतींच्या कडेला पीठ भुरभुरलं. सकाळी पावलं होती. चुलीपासून डब्यांकडे, डब्यांकडून कोपऱ्याकडे आणि कोपऱ्यातून सरळ कणगीच्या मागे. ती पालथी पडून मागे डोकावली. कणगीच्या बुडाशी माती ढासळली होती, दोन कांबट्यांच्या मधे एक भोक. कडा गुळगुळीत आणि तेलकट. भोकाच्या तोंडाशी नवऱ्याच्या टोपीची निळी लोकर लटकत होती.

तिथेच बसून ती रडली. मग उठली, डोळे पुसले, फुटकी बाटली खलबत्त्यात कुटली, चुना कालवला आणि ते भोक असं ठासून भरलं की कुणी पहारीने उकरलं तरी निघू नये. वरून मातीचा हात फिरवला. संध्याकाळी नवऱ्याने तिच्या बोटांना गुंडाळलेली चिंधी बघितली.

"काय झालं?"

"बाटली फुटली."

"टोपी फाटते, बाटली फुटते. या घरात धड राहायचं कुणी ठरवलंय की नाही?" तो म्हणाला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी पीठ कोरं. तिसऱ्या दिवशी कोरं. आठ दिवसांनी डब्यामागे एक लेंडी नाही. काळा पट्टा तिने घासून काढला, तो पुन्हा उमटला नाही. पंधरा दिवस गेले आणि ती गुणगुणायला लागली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. खात्रीसाठी म्हणून तिने सुतारमामांचा बोका दोन दिवस मागून आणला. बोका आला तो कणगीसमोर बसला आणि उठेचना. दूध दिलं, प्यायला, पुन्हा येऊन तिथेच. कणगीकडे तोंड, शेपटीचं टोक तेवढं हलतंय.

"हा तुमचा बोका नुसता बसून असतो," ती मामांना म्हणाली. "एक उंदीर धरला नाही."

"उंदीर नसतील तर धरेल काय? आणि उंदीर माहेरी होते ना तुझ्या?"

"म्हणून तर म्हणते," ती म्हणाली आणि बोका परत देऊन आली.

पुढे पुढे घरात जरा वास यायला लागला. तिला वाटलं, बोक्याने कुठेतरी घाण केली. एकदोनदा कणगीला टेकून निवडत बसली असताना आत बारीक सळसळ ऐकू आली. तिने कान लावला. दाणे खाली बसत असतील, असं स्वतःलाच सांगितलं. माणसाला जे हवं असतं तेच ऐकू येतं, त्याला ती तरी काय करणार.

असे दोन महिने गेले.

पेरणीचा दिवस उजाडला. वीस घरं अंगणात आणि ओसरीत दाटली. आधी अंगठे तपासायचे. शिडी लावून एकेकजण वर चढला, आपला ठसा बघून खाली आला. मावशीच्या अंगठ्यावर कांबट्या सोलताना झालेला जुना वण होता, तो मातीत जसाच्या तसा होता. तिने त्यावरून हात फिरवला.

"एक ठसा हलला नाही," वरच्या आळीतले खोकणारे आजोबा म्हणाले. "कणगीवाले, राखावी तर तुझ्यासारखी." ती मान खाली घालून हसली. नवरा सगळ्यांच्या मागे उभा होता, त्याचीही छाती जरा पुढे आली.

मामांनी तोंड फोडलं. आधी वास आला, असा की पुढचे दोघं मागे सरले. मग मातीच्या खपलीखालून एक उंदीर उडी मारून मामांच्या हातावरून खाली उतरला. त्याच्यामागे दुसरा, मग किती ते मोजायला कुणी थांबलं नाही. बायकांनी मुलं उचलली. आतून निळ्या लोकरीचा गोळा निघाला, त्यात डोळे न उघडलेली गुलाबी पिल्लं होती.

गर्दी शांत झाल्यावर मावशी शिडीवर चढली. तिने कोपरापर्यंत हात घालून मूठ भरून वर काढली. "आहे की," ती म्हणाली. "कणगी फारशी उतरलेली नाही. थोडं खाल्लंय, पण बाकी आहे." सगळ्यांनी श्वास सोडला.

मामांनी तिच्या मुठीतला एक दाणा घेतला, उजेडात फिरवला. दुसरा घेतला. तिसरा. दाणे टपोरे पिवळे दिसत होते. पण टोकाशी जो मऊ पांढरा भाग असतो, जिथून कोंब फुटतो, तेवढाच पोखरलेला. सगळा दाणा शाबूत आणि नेमकं तेवढंच गेलेलं.

"गोड लागतं त्यांना ते," मामा हळू आवाजात म्हणाले. "हे दळता येईल. पेरता नाही येणार."

"पण आले कुठून?" कुणीतरी विचारलं. "तोंड तर बंद होतं."

मामा कणगीच्या मागे गेले आणि वाकून बुडाची माती नखाने खरवडली. "इथे भोक बुजवलंय. चुना, काच. हे कुणी केलं?"

"मी," ती म्हणाली.

"कधी?"

"दोन महिने झाले. ते बाहेर राहावेत म्हणून."

मामांनी तिच्याकडे बघितलं. "तुझ्या माहेरचं भोक म्हणजे हेच का?"

तिने होकाराची मान हलवली.

"बाई, मला भिंत म्हणालीस म्हणून मी बुजव म्हणालो. कणगी म्हणाली असतीस तर आधी रिकामी करायला लावली असती. ते आत होते गं. तू त्यांना धान्यासकट कोंडलंस."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. नवरा पुढे आला आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. मावशी शिडीच्या खालच्या पायरीवर बसली होती. मूठ अजून मिटलेलीच.

मग चादरी पसरल्या आणि वीस घरं निवडायला बसली. एकेक दाणा उचलायचा, टोक बघायचं, बाजूला टाकायचा. शंभरात पाचसात धड निघायचे. उन्हं डोक्यावर येईपर्यंत चांगल्या दाण्यांचं एक मडकं भरलं. वरच्या गावातून त्यांच्याकडचं उरलंसुरलं बी मागून आणायला आठ दिवस लागणार होते, तेही मिळालं तर. तोवर हे मडकं कुठे ठेवायचं हा प्रश्न आला.

"इथे नको," कणगीवाली आपणहून म्हणाली. "ओलीच्या घरी ठेवा. त्यांची जमीन आता सुकलीय."

ओलीच्या घरची सून चादरीवरून उठली नाही. "आमच्याकडे नको," ती म्हणाली. "आमच्याकडे उंदीर आहेत. गेल्या थंडीपासून."

मग खोकणारे आजोबा खोकले. "आमच्याही फडताळात आहेत. मी म्हटलं, सांगून कशाला." त्यांच्या शेजारची म्हणाली, आमच्या गोधड्या कुरतडल्यात. कुणाच्या पिठात, कुणाच्या छपरात. एकेक घर बोलत गेलं, खाली बघत. शेवटी मामांनी कानामागची पेन्सिल काढली, उगाच बोटांत फिरवली आणि म्हणाले, "माझा बोका म्हातारा झालाय." मावशीचं घर तेवढं राहिलं होतं. ती म्हणाली, "माझ्याकडे नाहीत. माझ्याकडे खायलाच काही नसतं."

मडकं उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने दोन्ही हातांनी मडक्याचं तोंड झाकलं, हातांवर पदर ओढला.

तेवढ्यात चुलीमागून एक उंदीर निघाला. भरदुपारी, चाळीस माणसांच्या देखत, भिंतीच्या कडेने चालत आला, चादरीपाशी थांबला, एक पोखरलेला दाणा हुंगला आणि तो तिथेच टाकून पुढे मावशीच्या दिशेने निघाला. कुणी उठलं नाही. वाटेत ज्यांचे पाय होते त्यांनी ते फक्त वर उचलून घेतले.