अंडी बघायचा दिवस

"हलू नकोस. श्वाससुद्धा हळू घे," हे म्हणाले.

"आता श्वासावरही बंदी का? माश्या पाळल्यात तुम्ही आणि धाक मला!"

पण मी हलले नाही. डोक्यावर जाळीची टोपी, पायात मोज्यांत खोचलेली विजार आणि जाळीच्या आत उजव्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग, असं आमच्या ह्यांचं एकंदर ध्यान होतं. हसू दाबता दाबता माझ्या पोटात दुखायला लागलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला भिंग सोडवत नाही हे मला माहीत होतं, पण ते लावून मधपेटी उघडणारा माणूस जगात हा एकटाच असणार.

गेल्या वर्षी ह्यांनी दुकान तडकाफडकी बंद केलं. "कंटाळा आला," एवढंच सांगितलं. माझं मनगटी घड्याळ त्याच्या आधी महिनाभर दुरुस्तीला दिलेलं, ते तसंच ह्यांच्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं. विचारलं की एकच उत्तर, "पार्ट यायचाय." पुढे दोन महिने घरात नुसते बसून होते. मग कुठून तरी एका निवृत्त बस ड्रायव्हरशी ओळख झाली. त्याच्याकडे मधमाश्यांच्या बारा पेट्या. त्यातली एक आमच्या मागच्या अंगणात, जर्दाळूच्या झाडाखाली येऊन बसली.

हिवाळाभर हे रोज दुपारी पेटीपाशी जायचे, गुडघे टेकायचे आणि लाकडाला कान लावायचे. "गुणगुणतायत," आत येऊन सांगायचे. कुणी परगावच्या नातवाची खुशाली सांगावी तसं. मीही कधीकधी ह्यांच्या नकळत कान लावून यायचे. आत फार दूरवर कुणीतरी झोपेत गात असल्यासारखं वाटायचं आणि मला तिथून उठवायचं नाही. पण हे ह्यांना कशाला सांगा? माझी एक अढी होती ना ह्यांच्यावर.

अढी अशी, की वर्षभरात हा माणूस माझ्याकडे बघेनासा झाला होता. मी समोर बसून बोलतेय आणि ह्यांची नजर माझ्या कानाच्या बाजूने भिंतीवर. "माझ्या कानामागे काय लिहून ठेवलंय का?" असं मी एकदा फणकाऱ्याने विचारलं. हे नुसते हसले. सदतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोचा चेहरा नकोसा होत असेल एखाद्याला, असं मनात आलं. त्या दिवशी इस्त्री करता करता मी रडले, आणि वर शर्टाची कॉलरही जाळली.

तर आज पहिली तपासणी. थंडी सरून ऊन पडायला लागल्याला तीनच दिवस झाले होते. झाड फुलांनी पांढरंशुभ्र झालं होतं आणि त्याखाली उभं राहिलं की डोक्यावरही गुणगुण, पायाशीही गुणगुण. ड्रायव्हरसाहेबांनी बजावून ठेवलं होतं, "राणी शोधत बसू नका. नवख्याला ती सापडत नाही. पोळ्यातल्या मेणाच्या घरांच्या तळाशी अंडी दिसली की राणी आहे समजा. आत्ता अळ्याही नसतील, फक्त अंडी. बारीक असतात. नसतील तर राणी गेली, मला फोन करा. मी त्या माश्या माझ्या एका पेटीत मिसळून टाकतो."

"आणि राणी असताना मिसळल्या तर?" मी विचारलं होतं.

"तर दोघींतली एक मरणार, वहिनी."

ह्यांनी झाकण काढलं, माश्या शांत राहाव्यात म्हणून धुराचे दोन झोत सोडले. मग हातमोजे काढून टाकले. म्हटलं, आता चावून घेणार हा माणूस! पण ह्यांची बोटं तीच होती, दुकानातली. एकही माशी न चेंगरता त्यांनी पोळ्याची पहिली चौकट अलगद वर घेतली. उन्हात मेण सोन्यासारखं दिसत होतं. माश्या त्यावरून संथ फिरत होत्या, नुकतंच जागं झालेलं माणूस चप्पल शोधत घरात फिरतं तशा. किती वेळ गेला कोण जाणे. मला उगाच वाटलं, आमच्यातलं सगळं ठीक आहे.

मधल्या चौकटीवर हे फार वेळ थांबले. जाळीखाली हात घालून भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. उन्हाकडे तोंड, मग पाठ. शेवटी म्हणाले, "नाहीत गं."

"नीट बघा."

"नाहीत म्हटलं ना! गेली राणी." आवाज चिरकला. मुलगा परदेशी गेला त्या दिवशीसुद्धा इतका चिरकला नव्हता. चौकट पेटीला टेकवून ठेवत म्हणाले, "मी फोन करून येतो. तू हात लावू नकोस."

हात कसला लावते, मी घाबरून चार पावलं लांब होते. पण हिवाळाभर ज्यांचं गाणं ऐकलं त्यांना एकदा डोळे भरून बघावं असं वाटलं. वाकले. ऊन माझ्या खांद्यावरून थेट घरांच्या तळाशी पडलं होतं.

आणि तिथे अंडी होती.

प्रत्येक घरात एक. सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक कातरलं की जो तुकडा पडतो ना, तेवढं. पांढरं, उभं. एक दिसलं, मग दहा, मग तळहाताएवढ्या जागेत सगळीकडे तेच. राणी जिवंत होती! मी ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

ह्याच्या निम्म्याने बारीक स्क्रू हा माणूस चिमट्याने उचलायचा, ह्याच भिंगातून बघून.

बोलावं तर मला कळलं हे ह्यांना कळणार. न बोलावं तर संध्याकाळी त्या पेटीत राणी राणीला मारणार. हे पायऱ्या उतरत आले. आज मी नीट पाहिलं, एकेक पायरी पायाने चाचपत.

"चारपर्यंत येतो म्हणाले."

"अहो, इथे उभे राहा. माझ्या जागी. आता बघा."

ह्यांनी भिंग लावलं, वाकले. "हो की. दिसतात गं! आधी अंधारात होती बहुतेक."

"कुठे दिसतात?"

"ही काय, इथे."

बोट चौकटीच्या वरच्या कोपऱ्यावर होतं. तिथे नुसता मध होता. मी त्यांचा हात धरला आणि ते बोट तीन इंच खाली आणलं.

"इथे आहेत," मी म्हटलं. "कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

ह्यांनी चौकट पेटीत परत ठेवली, अंडी गारठतील म्हणून. झाकण लावलं. मग टोपी काढून पायरीवर बसले.

"तुझं घड्याळ आलं होतं तेव्हापासून. पार्ट होता माझ्याकडे. बसवता आला नाही." भिंग हातात फिरवत राहिले. "डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधोमध डाग आहे. वाढत जाणार. कडेचं दिसत राहील."

"आणि मला सांगायचं नाही? मी कोण, शेजारीण?"

"सांगून काय, तुलाही घोर. म्हटलं, माश्या ऐकून पाळता येतील. अंडी बघावी लागतात हे कुठे माहीत होतं?"

मला राग आला होता, रडूही येत होतं, आणि कुठलं आधी करावं ते कळेना. "वर्षभर माझ्याकडे बघितलं नाहीत तुम्ही," मी म्हटलं. "मला वाटलं, नकोशी झाले."

"अगं वेडे," हे म्हणाले, "सरळ बघितलं की तुझा चेहरा जातो. कानाच्या जरा बाजूला बघितलं की येतो. म्हणून तिकडे बघतो."

चार वाजता ड्रायव्हरसाहेब रिकामी पेटी घेऊन फाटकातून आले. "काय घड्याळजी, खरंच नाहीत का अंडी?"

काय सांगायचं ते ह्यांचं ह्यांनी ठरवायचं होतं.

"आहेत. हिला दिसली," हे म्हणाले. "मला आता दिसत नाही इतकं बारीक. पेटी मी उघडेन, बघायला ही."

ड्रायव्हरसाहेबांनी मान हलवली आणि रिकामी पेटी खाली ठेवून झाडाकडे बघत उभे राहिले. ह्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. नजर माझ्या कानाच्या बाजूने, मागच्या भिंतीवर.

मी हलले नाही.