माझ्या अक्षरातलं ‘नाही’

माझा धाकटा भाऊ शाळेची बस चालवायचा. पोरं त्याला पायलट म्हणायची. मग घरातही तेच नाव पडलं, बाबासुद्धा “पायलट उठला का?” असंच विचारायचे. आई गेल्यापासून आम्ही तिघंच. बाबा सुतार, हात थरथरायला लागल्यावर त्यांनी काम सोडलं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. माझं लग्न राहिलं ते राहिलंच, आणि पायलटला थट्टेला तेवढंच पुरायचं. “ताई, नवऱ्याचा नंबर कुठला हवा, जवळचा की लांबचा?”

एकतिसाव्या वर्षी त्याची थट्टा बंद झाली. मग जेवण, मग झोप. डॉक्टर म्हणाले, घरी ठेवू नका. आम्ही त्याला मानसोपचाराच्या वॉर्डात दाखल केलं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास दुकानात फोन आला. “आपण पेशंटच्या कोण?”

“बहीण.”

“जरा यावं लागेल. लगेच.”

समोर गिऱ्हाईक बसलं होतं. मी हातातली काच बसवली, पुसली, चष्मा त्यांच्या हातात दिला आणि मगच निघाले. असं का केलं, ते मला अजून कळत नाही.

त्याने वॉर्डातल्या खोलीतच जीव दिला होता. मोठे डॉक्टर उभ्या उभ्या म्हणाले, “आमच्याकडून सगळी काळजी घेतली होती.” मग एकाने पिशवी आणून दिली: दोन शर्ट, चपला, दात घासायचा ब्रश.

बाबा रडले नाहीत. एकच वाक्य धरून बसले, “पोरगं मी त्यांच्या हवाली केलं होतं.” ते घेऊन तीन वकिलांकडे गेले. तिसऱ्याने पाठीवर हात ठेवून सांगितलं, “काका, यात हाती काही लागत नाही.” चौथ्या वकीलबाई. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं दोन खुर्च्यांचं ऑफिस होतं आणि त्या अशाच घरांची कामं घ्यायच्या. त्यांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, “तो का गेला, हे कुठलीच चौकशी सांगणार नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायचं होतं, ते ठेवलं का, एवढंच आपल्याला विचारता येतं. पूर्ण फाईल आजच लेखी मागू.”

फाईल यायला चार महिने लागले. त्यात एक तक्ता होता. पायलटला दर पंधरा मिनिटांनी बघायचं आणि तो काय करतोय ते लिहायचं, असा डॉक्टरांचा हुकूम होता. पायलट त्यांना गेलेला सापडला चार वाजून चाळीस मिनिटांनी. बाबा रकान्यांवरून बोट फिरवत गेले. पावणेपाच, शांत झोपलेला. पाच, शांत झोपलेला. एकाच पेनाने, एका दमात, थेट सहापर्यंत.

“सहा वाजता झोपलाय म्हणे,” बाबा म्हणाले. त्या दिवशी ते रडले.

वकीलबाईंनी विचारलं, “याआधी कधी असा प्रयत्न केला होता त्याने?”

“दोन वर्षांपूर्वी,” बाबा म्हणाले. “दवाखान्यात सांगितलंय ना ते. फॉर्म हिनेच भरला.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “लिहिलं होतंत?”

“हो,” मी म्हटलं.

दाखल करतानाचा तो फॉर्म फाईलमध्ये नव्हता. बाईंनी दोनदा पत्र लिहून मागवला. ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं, तेव्हा बाबा चिडले आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

बाईंनी कोर्टात दावा लावला. सुनावणीच्या दिवशी तो फॉर्म सापडला. दवाखान्याच्या वकिलाने उभं राहून वाचला. ‘रुग्णाने पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केला आहे का? उत्तर: नाही. सही, बहीण.’ आमच्या बाई ताडकन उठल्या, इतके दिवस कागद कुठे दडवला होता, असं विचारत राहिल्या. मला पुढचं ऐकूच आलं नाही. बाबा माझ्याकडे बघत होते.

बाहेर जिन्यात त्यांनी विचारलं, “का लिहिलंस?”

मी खरं ते सांगितलं. दाखल करायच्या दिवशी बाबा पैसे भरायच्या खिडकीपाशी रांगेत होते. पायलट माझ्या शेजारी बाकावर बसला होता. फॉर्मवर बोट ठेवून म्हणाला, “ताई, एवढं लिहू नकोस. बस काढून घेतील माझी.” आठवडाभरात तो स्वतःहून बोललेलं ते एकच वाक्य होतं. मी ‘नाही’ लिहिलं.

“त्यानेच सांगितलं होतं, बाबा.”

“तो आजारी होता,” बाबा म्हणाले. “तू नव्हतीस.”

आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.

निकाल दीड महिन्याने लागला. तक्ता खोटा होता, हे मान्य झालं. त्या दुपारी अठ्ठावीस खाटांना एकटी असलेली परिचारिका कामावरून काढली गेली. पण धोक्याची माहिती घरच्यांनीच दिली नव्हती, म्हणून दवाखान्याला जबाबदार धरता येत नाही, असं लिहून आलं.

मी एकटीच वकीलबाईंकडे गेले. त्या रागावतील असं वाटलं होतं. “मला तेव्हाच सांगायला हवं होतंत,” एवढंच म्हणाल्या. “निदान तुमच्या बाबांना ते भर कोर्टात ऐकावं लागलं नसतं.” मग कागद पुढे ओढून म्हणाल्या, “अजून अपील आहे. दर पंधरा मिनिटांनी बघा, हा हुकूम त्यांचाच ना? मग धोका त्यांना दिसत होता. हा मुद्दा भक्कम आहे. बाबांची सही आणा. नव्वद दिवस आहेत.”

कागद जेवणाच्या टेबलावर राहिला. मी आठवड्यातून एकदा विषय काढायची, बाबा उठून जायचे. एकदाच बोलले. “परत तिथे जायचं, परत तुझं अक्षर वाचून दाखवणार. नको.” हे माझ्यासाठी म्हणाले की स्वतःसाठी, विचारायची हिंमत झाली नाही.

नव्वदाव्या दिवशी मी सुट्टी घेतली. पेन उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. “बाबा, आज शेवटचा दिवस. माझ्यावर राग धरा, पण त्याच्यासाठी करा.” त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तीन वाजले, चार वाजले. पाच वाजता मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “फाईल मी ठेवते हं. फेकत नाही.”

आता बाबा आपलं ताट आपण वाढून घेतात. मी दुकानातून आले की दार उघडतात, मला आत यायला बाजूला होतात, आणि आपल्या खोलीत जातात.